समुद्रातली विहीर, किनाऱ्यावरचे डोळे

जुहूच्या विमानतळावरून रोज सकाळी समुद्राकडे झेपावणारी हेलिकॉप्टरे मुंबईकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की ती कुठे आणि कशासाठी जातात हे आता कुणी विचारीतही नाही. ती जातात मुंबई हायला. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ओएनजीसीचे प्लॅटफॉर्म आणि तेलविहिरी खोदणारे रिग उभे आहेत. हेलिकॉप्टरात बसलेले असतात ड्रिलर, अभियंते, भूगर्भशास्त्रज्ञ, वेल्डर, स्वयंपाकी. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असे त्यांचे आयुष्य. यातली काही माणसे परत आलीच नाहीत. ११ ऑगस्ट २००३ रोजी असेच एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी दुसरे कोसळले, त्यात ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांसह सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी तिसरे पडले, नऊपैकी चार दगावले.

विहीर खोदायची तर या सगळ्यांनी समुद्रात जायलाच हवे काय, असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला असता तर त्याला वेड्यात काढले असते. आज तो प्रश्न वेडेपणाचा राहिलेला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत जगातल्या तेल उद्योगाने विहिरीच्या तोंडाशी बसून करायची कित्येक कामे किनाऱ्यावरच्या खोलीत आणली आहेत. विहिरीच्या तळाशी काय चालले आहे ते शेकडो किलोमीटरवरच्या पडद्यावर दिसते. बिट कोणत्या दिशेला वळवायचे याची आज्ञा तिथून सुटते. यामुळे विहिरी लवकर खोदल्या जातात, खर्च वाचतो आणि माणसेही कमी लागतात, असा दावा केला जातो. दावा बव्हंशी खरा आहे. परंतु या व्यवहाराची एक बाजू त्या झगमगत्या पडद्यांवर दिसत नाही. माहिती किनाऱ्यावर आणणे सोपे असते. तिच्याबरोबर जबाबदारी आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकारही किनाऱ्यावर आणावा लागतो, आणि ते मात्र फार अवघड असते.

वेळ जातो कुठे?

मराठवाड्यात बोअरवेल मारणाऱ्या गाडीजवळ उभा असलेला शेतकरी आठवा. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. वर येणाऱ्या भुकटीचा रंग आणि यंत्राचा बदललेला आवाज यांवरूनच तो अंदाज बांधीत असतो. तेलविहिरीची गोष्ट तत्त्वतः हीच, फक्त खोली किलोमीटरांत आणि खर्च कोटींत. नळ्यांच्या लांबलचक माळेच्या टोकाला बिट असते. नळ्यांच्या पोकळीतून ‘मड’ नावाचे जड द्रावण खाली सोडतात. ते बिट थंड ठेवते, खडकाचा चुरा वर आणते आणि स्वतःच्या वजनाने भूगर्भातील तेल-वायूचा दाब रोखून धरते. मड हलके पडले तर वायू उसळून वर येतो. जड झाले तर खडक फुटून मडच जमिनीत गडप होते. या दोन संकटांच्या मधल्या अरुंद वाटेने विहीर खाली न्यायची असते.

रिग मात्र भाड्याचा असतो आणि भाडे दिवसावर असते. उथळ समुद्रात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगला तेजीमंदीप्रमाणे दिवसाला हजारो डॉलर मोजावे लागतात; खोल समुद्रातल्या ड्रिलशिपला लाखो. त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक तास खिशाला जाणवतो. आणि तास वाया जातात ते केवळ मोठ्या अपघातांत नव्हे. तीन नळ्या जोडलेला एक ‘स्टँड’ सुमारे २८ मीटरचा असतो. तीन हजार मीटरच्या विहिरीत असे शंभरावर जोड येतात. एका संघाला जोडामागे दुसऱ्यापेक्षा पाच मिनिटे जास्त लागली, तर एकदा खाली जाण्यातच नऊ तास गेले. रोजच्या अहवालात या नऊ तासांची नोंद ‘काम चालू’ अशीच होते! डिजिटल तंत्राने पहिली कामगिरी केली ती हे झाकलेले तास उघडे पाडण्याची. प्रत्येक जोडाची वेळ, प्रत्येक थांबा, प्रत्येक झटका आपोआप नोंदला जाऊ लागला आणि ‘आमच्याकडे असेच असते’ या उत्तराला जागा उरली नाही.

दुसरे उदाहरण खुद्द खोदण्याचे. ब्रिटनच्या कोळसा खाण उद्योगातील संशोधक आर. टील यांनी १९६५ साली एक साधा हिशेब मांडला: एक घनफूट खडक फोडायला किती ऊर्जा खर्ची पडते? हा आकडा खडकाच्या मजबुतीपेक्षा फार वर गेला, तर ऊर्जा खडक फोडण्याऐवजी नळ्यांच्या थरथरण्यात किंवा बिटाला चिकटलेल्या चिकणमातीत वाया जाते आहे, असे समजावे. हे सूत्र कित्येक वर्षे कागदावरच राहिले, कारण रिगवर ते क्षणोक्षणी कोण मोजणार? २००० नंतरच्या दशकात संगणकाने ते सतत मोजायला सुरुवात केली, तेव्हा एक्सॉनमोबिलसारख्या कंपन्यांना त्याचा उपयोग झाला. ड्रिलरने बिटावरचे वजन किंवा फिरण्याचा वेग थोडा बदलायचा आणि आकडा उतरतो का ते पाहायचे. नवे यंत्र न घेता विहिरी लवकर होऊ लागल्या.

पाताळातून येणारी चिठ्ठी

पण तळाची खबर वर येते कशी? हजारो मीटर खोल, तापलेल्या, थरथरणाऱ्या जागी तार टिकत नाही. म्हणून मडचाच उपयोग निरोप्यासारखा करण्यात आला. बिटाजवळचे उपकरण मडच्या प्रवाहात सूक्ष्म अडथळे आणते, त्यामुळे दाबाचे ठोके उठतात आणि वर बसलेला संगणक ते ठोके वाचतो. जुन्या तारायंत्राचीच ही कडकट्ट म्हणा ना. १९७८ च्या सुमारास हे तंत्र व्यापारी वापरात आले. त्याचा वेग अगदी बेताचा, आजही साधारणतः सेकंदाला काही बिट एवढाच. पुढे नळीतच तार बसवून सेकंदाला ५७ हजार बिट पाठवण्याची सोय निघाली, पण ती महाग असल्याने सरसकट रुळली नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नळ्यांची सगळी माळ फिरत असतानाच बिटाची दिशा बदलणारी साधने बाजारात आली. ती विहिरीतून न काढता, वरून मडच्या प्रवाहातूनच आज्ञा देऊन वळवता येतात. आज्ञा देणारा माणूस रिगवरच असला पाहिजे असे काही बंधन उरले नाही.

एक अडचण होती ती भाषेची. प्रत्येक कंपनीचे उपकरण आपल्याच बोलीत बोलत असे. २००० च्या आसपास बीपी आणि नॉर्वेची स्टॅटऑइल यांच्या पुढाकाराने विट्समएल नावाची समान लिपी तयार झाली आणि कोणत्याही रिगची माहिती कोणत्याही खोलीत वाचता येऊ लागली. उरला प्रश्न समुद्र ओलांडण्याचा.

नॉर्वेने तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर समुद्राच्या तळाशी फायबर ऑप्टिक केबल टाकण्यात आली. नॉर्वेत समुद्रावरच्या कामगाराला दोन आठवडे कामावर आणि चार आठवडे घरी अशी पाळी मिळते, पगारही घसघशीत. साहजिकच तिथे प्रत्येक खाट महाग आहे. तेव्हा ज्याला हाताने काही करायचे नाही, फक्त पाहून ठरवायचे आहे, त्याने किनाऱ्यावर बसावे हा विचार तिथे लवकर रुजला. दिशा ठरवणारे, मोजमाप वाचणारे, मडचा हिशेब ठेवणारे किनाऱ्यावर आले. जानेवारी २०१९ मध्ये ईवार ओसन या प्लॅटफॉर्मचा नियंत्रण कक्षच ट्रोनहाइम शहरात हलवण्यात आला. किनाऱ्यावरच्या तज्ज्ञाला एकाच वेळी तीन-चार विहिरींवर लक्ष ठेवता येते आणि एका विहिरीत शिकलेला धडा दुसरीत त्याच दिवशी वापरता येतो. कार्यक्षमतेचे खरे मर्म इथे आहे. एका रिगवर अडकून पडलेला अनुभव सर्वांच्या वाट्याला येतो.

डोळे होते, पहारा नव्हता

एवढे वाचून कुणालाही वाटेल, की सगळी माहिती किनाऱ्यावर आणली की काम फत्ते. अशा वाचकाने २० एप्रिल २०१० ची रात्र जरा बारकाईने पाहावी. मेक्सिकोच्या आखातात मकाँडो नावाची विहीर बीपीसाठी ‘डीपवॉटर होरायझन’ हा रिग खोदीत होता. रिगचे भाडे दिवसाला पाच लाख डॉलरच्या वर आणि काम सुमारे सहा आठवडे रखडलेले. विहीर बंद करून जाण्यापूर्वी ती खरोखरच बंद झाली आहे ना याची एक चाचणी घेतात: आतला दाब काढून घ्यायचा आणि तो पुन्हा वाढतो का ते पाहायचे. दाब वाढला. नळ्यांत तो शून्य असायला हवा होता, तिथे चौरस इंचाला १,४०० पौंड दिसत होता. तरीही काहीबाही स्पष्टीकरण देऊन चाचणी यशस्वी ठरवण्यात आली.

आता यातला मर्माचा भाग. या विहिरीची माहिती त्याच क्षणी ह्यूस्टनमध्ये बीपीच्या कार्यालयात पोचत होती. स्फोटाच्या सुमारे तासभर आधी रिगवरच्या अधिकाऱ्याचे ह्यूस्टनच्या अभियंत्याशी या चाचणीबद्दल फोनवर बोलणेही झाले होते, असे पुढे चौकशीत उघड झाले. त्यानंतर पंपाचा वेग तोच असताना, जो दाब उतरायला हवा होता तो चढत गेला. पडद्यावर ती रेघ स्वच्छ उमटत होती. पण ती सतत पाहण्याचे काम किनाऱ्यावर कुणाकडेच सोपवलेले नव्हते. रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला. ११ माणसे मेली आणि अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४९ लाख बॅरल तेल समुद्रात गेले.

‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ ही म्हण आपण सरकारी कारभाराची थट्टा करायला वापरतो. इथे तर बंब रामेश्वरीही नव्हता. रामेश्वरी आगीचे चित्र तेवढे पोचत होते. २०१६ साली अमेरिकेच्या नियामकाने काही प्रकारच्या विहिरींची माहिती किनाऱ्यावरून क्षणोक्षणी पाहणे बंधनकारक केले. २०१९ मध्ये कंपन्यांच्या आग्रहानंतर त्या नियमांतला काही भाग सैल झाला. कंपन्यांचे म्हणणे असे, की किनाऱ्यावरून हुकूम सुटू लागले तर रिगवरच्या माणसाची जबाबदारी पातळ होईल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. दोन कप्तान असलेली बोट बुडते हे कोळीवाड्यातले पोरही सांगेल. परंतु त्यावर उपाय डोळे मिटून घेणे हा नव्हे. हुकूम सोडण्याचा अधिकार एकाकडेच असावा, पण काम थांबवण्याचा अधिकार दोघांनाही असावा, हा उपाय आहे. पुढे जा म्हणायला दोघांचे एकमत लागावे. थांबा म्हणायला एकाचे मत पुरावे.

मुंबई हायचे गणित

हा सारा खटाटोप आपल्या कामाचा का आहे? १९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने मुंबई हायमध्ये तेल शोधले आणि २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या सुमारास ते शिखरावर पोचले. त्यानंतर उतरण लागली, ती २००० नंतर हाती घेतलेल्या पुनर्विकास योजनांनी थोपवली, उलटवली नाही. आज देश आपल्या गरजेच्या ८८ टक्क्यांच्या आसपास कच्चे तेल बाहेरून आणतो. या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडले. दहा वर्षांत तेल व वायू मिळून उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे त्या वेळी सांगण्यात आले.

मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडकात आहे. पन्नास वर्षांच्या उपशाने तिथला दाब उतरला आहे. दाब उतरलेल्या, भेगाळ चुनखडकात मड गडप होण्याचा धोका मोठा. उरलेले तेल जुन्या विहिरींच्या मधल्या कप्प्यांत आणि पातळ थरांत अडकलेले. ते काढायचे तर जुन्या विहिरीतूनच आडवी फांदी फोडून, थराच्या आत-बाहेर न होता, अचूक सरकत जावे लागते. असे काम अंदाजपंचे होत नाही. जो भूगर्भशास्त्रज्ञ हा थर ओळखतो तो एकच असतो आणि विहिरी अनेक. म्हणजे किनाऱ्यावरच्या कक्षाची गरज परदेशापेक्षा आपल्याला कमी नाही, किंबहुना जास्तच आहे. ओएनजीसीनेही रिग व प्लॅटफॉर्मची माहिती किनाऱ्यावर आणणारी स्काडा यंत्रणा २००० नंतरच्या दशकातच उभारायला घेतली होती. तंत्राची ओळख आपल्याला नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही.

प्रश्न आहे तो वापराचा. आपल्याकडे नियंत्रण कक्ष उभारला जातो, फीत कापली जाते, भिंतभर पडदे लागतात आणि पुढे तो पाहुण्यांना दाखवण्याची जागा होऊन बसतो, हे वीज मंडळापासून महापालिकेपर्यंत सर्वत्र अनुभवाला आलेले आहे. दुरून डोंगर साजरे दिसतात. पडद्यावरची विहीर तर फारच साजरी दिसते. म्हणून अशा कक्षाची परीक्षा पडद्यांच्या संख्येवरून न करता तीन साध्या प्रश्नांनी करावी.

पहिला प्रश्न: पहाटे तीन वाजता खुर्चीत कोण आहे? विहीर कार्यालयीन वेळ पाळीत नाही. अनुभवी ड्रिलर दिवसा नऊ ते सहा आणि रात्री नुकताच भरती झालेला पदवीधर, अशी व्यवस्था असेल तर तो कक्ष नसलेलाच बरा, कारण तो खोटा धीर देतो.

दुसरा प्रश्न: त्या माणसाने फोन उचलून ‘काम थांबवा’ म्हटले तर रिग थांबतो काय, आणि थांबल्यावर वाया गेलेल्या भाड्याचा जाब त्याला विचारला जातो काय? आपल्याकडे रिग बहुधा ठेकेदाराचा, मड दुसऱ्या कंपनीचे, दिशामापन तिसऱ्या आणि विहीर ओएनजीसीची. करारात प्रत्येकाचे पैसे लिहिलेले असतात. थांबवण्याचा अधिकारही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे. समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षिततेचे नियम २००८ सालचे आहेत आणि त्यांवर देखरेख करणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय त्याच पेट्रोलियम मंत्रालयाखाली येते, ज्याला उत्पादन वाढलेले हवे असते. निदान किनाऱ्यावरच्या पहाऱ्याबद्दल तरी या नियमांत काटेकोर तरतूद व्हावी.

तिसरा प्रश्न सर्वांत मोजता येण्याजोगा: हेलिकॉप्टरातल्या किती जागा रिकाम्या झाल्या? किनाऱ्यावर चार माणसे बसली आणि समुद्रावरची चार तशीच राहिली, तर आपण केवळ खर्च वाढवला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज आणि वरप्रदा टग बुडून ८० हून अधिक माणसे गेली. ती ड्रिलिंगची नव्हती. देखभाल-दुरुस्तीच्या ठेक्यावरची आणि टगवरची होती, आणि दूरनियंत्रणाने त्यांचे काम किनाऱ्यावर आले नसते हे खरे. पण त्याच वादळात ‘सागर भूषण’ हे ड्रिलिंगचे जहाज १०१ माणसांसह भरकटले होते. सुदैवाने सगळे वाचले. समुद्रावर जितकी माणसे कमी, तितकी वादळात वाचवायची माणसे कमी, हे गणित कुणालाही समजेल.

हातातले ज्ञान

या बदलाची किंमतही मान्य करायला हवी. नळी अडकण्यापूर्वी रिगच्या सांगाड्यातून येणारी थरथर, मडच्या टाकीवरचा वेगळा वास, ब्रेकच्या दांड्यावर हाताला जाणवणारा ताण, हे ज्ञान पडद्यावर उमटत नाही. ते वर्षानुवर्षे समुद्रात राहून मिळते. आज किनाऱ्यावर बसणारा तज्ज्ञ चांगला आहे, कारण तो काल समुद्रावर होता. उद्या जो कधी समुद्रावर गेलाच नाही तो किनाऱ्यावर बसेल, तेव्हा काय? यासाठी नवख्या अभियंत्याने आधी काही वर्षे समुद्र आणि मग खुर्ची, हा क्रम सोडता कामा नये.

दुसरी किंमत चोरवाटेची. जी वाट माहितीला किनाऱ्यावर आणते तीच परक्याला आत नेऊ शकते. ऑगस्ट २०१२ मध्ये सौदी अराम्कोचे सुमारे तीस हजार संगणक एका हल्ल्यात निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील ऑइल इंडियाच्या संगणकांवर हल्ला करून ७५ लाख डॉलरची खंडणी मागण्यात आली. या दोन्ही वेळी फटका कार्यालयीन संगणकांना बसला, हे खरे. पण आज्ञाही ज्या वाटेने जाते तिथे तसे घडले तर काय, हा विचार आधीच झालेला बरा. वादळात दुवा तुटला, तर रिगवरच्या माणसांना स्वतःच्या बुद्धीने विहीर सुरक्षित करता आली पाहिजे. म्हणजेच माणसे कमी करताना नेमकी कोणती ठेवायची, हा निर्णय हिशेबनीसाच्या हाती देऊन चालणार नाही.

तेलासाठी पुढची काही दशके तरी आपल्याला समुद्रात विहिरी खोदाव्या लागणार आहेत. त्या लवकर खोदल्या जाव्यात, स्वस्तात खोदल्या जाव्यात यात वाद नाही. मात्र दहा दिवस वाचले हे सांगताना ते कुणाच्या जागरणाने वाचले आणि कुणाचा जीव धोक्यात न घालता वाचले, हेही सांगता आले पाहिजे. किनाऱ्यावर डोळे बसवणे हे पैशाचे काम आहे आणि पैसे उभे राहतील. त्या डोळ्यांना तोंड देणे, आणि त्या तोंडातून निघालेला ‘थांबा’ हा शब्द १६० किलोमीटरवर ऐकला जाईल अशी व्यवस्था करणे, हे मात्र कारभाराचे काम आहे.